‘आज नुसतं आरामात धावणार आहे’

प्रिय दोस्ता,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. धावण्याच्या शर्यतीत वयोगटात तिसरा आलास, पहिल्यांदाच पोडियमवर, विजेत्यांच्या मंचावर चढलास, आणि आपल्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकल्यावर पहिली प्रतिक्रिया काय, तर ‘तुझ्या गटात एकूण तिघंच होते ना?’ त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मग तू चिडून लिहिलंस, ‘पुढच्या वेळी पहिला येऊन दाखवतो.’ आता ते वाक्य दर रविवारी तुझ्या मागे लागलंय. ‘या, विजेते आले.’ ‘अरे, विजेत्यांना आधी पाणी द्या.’ तू विचारतोस, ही माणसं आपली आहेत की नाहीत, आणि यांना सोडून एकट्यानं सराव केला तर काय बिघडेल?

काहीच बिघडणार नाही. कित्येक जण एकटेच सराव करतात आणि उत्तम धावतात. पण तुझा प्रश्न सरावाचा नाही, चेष्टेचा आहे, आणि त्यावर मला बरंच बोलायचंय. या ग्रुपमध्ये मी तुझ्या खूप आधीपासून आहे. ‘ताई, आज पोडियम रिकामं ठेवायला सांगू का?’ हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते कानावर पडल्याशिवाय शर्यतीची सकाळ उजाडल्यासारखी वाटत नाही.

‘तिघंच होते ना’ लिहिणाऱ्या त्या गृहस्थापासून सुरुवात करू. त्याला आपण हिशेबनीस म्हणू, कारण त्यानं खरोखरच हिशेब केला होता. हजारभर नावांच्या निकालात शिरून, तुझा वयोगट शोधून, त्यात किती जण होते हे त्यानं मोजलं, आणि मग चिडवायला चौदाचे तीन केले. दुसऱ्याच्या वयोगटाचा निकाल उघडून कोण बघतं? ज्याला स्वतःला पोडियम हवं असतं तो. त्याच्या वयोगटात नव्वद जण असतात आणि तो कायम सातवा-आठवा येतो, हे तुला ठाऊक होतं का? मला आहे, कारण मीही निकाल उघडून बघते. आपल्यातले सगळेच बघतात. फक्त कबूल करत नाहीत.

त्याला उत्तर द्यायचं असेल तर ‘तिघं नव्हते, चौदा होते’ असा खुलासा करत बसू नकोस. ‘हो ना, मी येणार कळल्यावर बाकीचे फिरकलेच नाहीत’ म्हण आणि पुढे चाल. खुलासा दिलास की तो आणखी एक आकडा काढेल. आकड्यांत त्याला हरवणं कठीण आहे.

आपण हौशी धावपटू जिंकण्याची एवढी चेष्टा का करतो, याचं मला सुचलेलं कारण सांगते. केल्विन किप्टमनं २०२३ साली शिकागोत मॅरेथॉन २ तास ० मिनिटं ३५ सेकंदांत संपवली. म्हणजे किलोमीटरला सुमारे २ मिनिटं ५१ सेकंद, आणि तेही बेचाळीस किलोमीटर. आपल्या ग्रुपमधल्या सगळ्यात चपळ गड्याला त्या वेगानं एक किलोमीटर धावायला सांगितलं तर तो पुढचा आठवडा पायऱ्या उतरताना कण्हेल. मोठी शर्यत आपल्याला जिंकता येणार नाही, हे पक्कं माहीत असतं. तरीही सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिलं की पोटात कालवाकालव होतेच, समोरच्या पाठीवरचं नाव वाचलं जातंच, आणि शेवटच्या दोनशे मीटरला कुणी अनोळखी माणूस शेजारून निघाला की पाय आपोआप जोर लावतातच. आता पन्नाशीतला, दिवसभर ऑफिसात बसणारा माणूस ‘मला जिंकायचंय’ हे कुठल्या तोंडानं म्हणणार? तो चेष्टेच्या तोंडानं म्हणतो. दुसऱ्याला ‘विजेते’ म्हणून चिडवताना तो शब्द त्याला स्वतःच्या जिभेवर घोळवून बघता येतो.

शर्यतीच्या सकाळी जरा कान देऊन ऐक. ‘गुडघा कुरकुरतोय.’ ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही.’ ‘या महिन्यात सरावच झाला नाही, आज नुसतं आरामात धावणार आहे.’ हे बोलणाऱ्याच्या पायात वेगासाठी बनवलेले नवेकोरे कार्बन प्लेटचे बूट असतात आणि घड्याळ केव्हाच सॅटेलाइटला जोडलेलं असतं. हाफ मॅरेथॉनच्या पंधराव्या किलोमीटरला हाच इसम तुझ्या खांद्याशी येतो, ‘अरे, आज पाय बरे वाटतायत’ म्हणतो आणि निघून जातो. आपल्या ग्रुपमध्ये या कलेत किमान चार जण निष्णात आहेत. नावं सांगत नाही, त्यातली एक मी आहे.

ही आगाऊ कारणं म्हणजे विमा आहे. हरलो तर कारण तयार, जिंकलो तर कौतुक दुप्पट. पण विम्याचा हप्ता भरावा लागतो. वर्षानुवर्षं ‘मी आपला आरामात’ म्हणत राहिलेल्या माणसाला शेवटी स्वतःलाच कळेनासं होतं की आपण जीव तोडून धावलो तर किती धावू. मी अशी माणसं पाहिली आहेत. त्यांच्यात ताकद शिल्लक होती आणि ती कुठे खर्च करायची हे ठरवायचं राहूनच गेलं. म्हणून विनोद सगळ्यांसमोर चालू दे, पण तुझा आकडा एका माणसाला तरी विनोदाशिवाय सांग. ‘दहा किलोमीटर, ४४ मिनिटं.’ पुढे ‘जमलं तर’ नको आणि हसरा चेहराही नको. मला सांगितलास तरी चालेल.

शर्यत चालू असताना केलेल्या चेष्टेचा विषय मात्र वेगळा आहे. त्यासाठी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जावं लागेल. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ५,००० आणि १०,००० मीटरची सुवर्णपदकं खिशात घालून मॅरेथॉनला उभा राहिला. मॅरेथॉन तो आयुष्यात पहिल्यांदा धावत होता. ब्रिटनचा जिम पीटर्स हा त्या घडीचा सगळ्यात वेगवान मॅरेथॉनपटू. सहा आठवड्यांआधीच त्यानं २ तास २० मिनिटं ४२ सेकंद अशी जगातली सर्वोत्तम वेळ दिली होती. झाटोपेकनं साधा विचार केला, ज्याला येतं त्याच्यासोबत राहू. वाटेत त्यानं पीटर्सला विचारलं, हा वेग जास्त तर नाही ना? पीटर्सनं सुरुवातच फार जोरात केली होती आणि आता त्याला ते जाणवू लागलं होतं. त्यानं फिरकी घेतली. जास्त कसला, कमीच आहे. नेमके शब्द सांगणाऱ्यागणिक बदलतात. पण झाटोपेकनं वेग वाढवला, पीटर्सला पुढे शर्यत सोडावी लागली आणि झाटोपेकनं २ तास २३ मिनिटं ३ सेकंदांत तिसरं सुवर्ण घेतलं, याबद्दल वाद नाही.

ही गोष्ट बहुधा झाटोपेकच्या भोळ्या मोठेपणाची म्हणून सांगतात. मला तिच्यातला पीटर्स जास्त ओळखीचा वाटतो. दमलेल्या माणसानं दम लपवायला केलेला विनोद आपण दर शर्यतीत ऐकतो. आठव्या किलोमीटरला कुणी तुला म्हणालं, ‘काय रे, आज फिरायला आलायस का?’ तर शब्द ऐकू नकोस, श्वास ऐक. वाक्य एका दमात पूर्ण झालं तर तो खरंच मजेत आहे, त्याला जाऊ दे. ‘आज’नंतर श्वास घ्यावा लागला तर थोडा धीर धर, पुढच्या किलोमीटरमध्ये तो मागे पडेल.

यात जादू काही नाही. बोलायला लांब, सावकाश सोडलेला श्वास लागतो. श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की शरीराला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर टाकायचा असतो, श्वास जलद होतो आणि लांब उच्छ्वास परवडत नाही. सोप्या वेगात माणूस सलग गोष्ट सांगू शकतो, वेग वाढला की तीन-चार शब्दांमागे थांबतो, आणि त्याहून वर गेला की ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच उरतं. प्रशिक्षक लोक या बोलण्याच्या कसोटीचा सरावासाठी सर्रास उपयोग करतात, आणि हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा विसरला असेल तेव्हा मीही त्यावरच भागवते.

म्हणून रविवारच्या लाँग रनला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सरावाला, टवाळी चालू आहे म्हणजे वेग बरोबर आहे. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या धावपटू, सायकलपटू, स्कीपटूंचा सराव तपासला, तेव्हा त्यातली साधारण ८० टक्के सत्रं सोप्या तीव्रतेची निघाली. जे जिंकतात तेही बहुतेक दिवस गप्पा मारता येतील अशा श्रमानं सराव करतात. आपल्याकडे काय होतं? बाराव्या किलोमीटरपर्यंत सगळे चेष्टेत असतात, मग कुणीतरी अर्धं पाऊल पुढे राहायला लागतं, दुसरा ते अर्धं पाऊल भरून काढतो, आणि पाच मिनिटांत दहा माणसं मुकाट, लाल चेहऱ्यानं धावत असतात. लाँग रनची शर्यत होऊन बसते, आणि मंगळवारच्या इंटर्व्हलला, म्हणजे थांबून थांबून जोरात धावायच्या सरावाला, कुणाच्याच पायांत काही उरत नाही. हे अर्धं पाऊल कुणाचं असतं, हे मी तुला सांगायला हवं का? ‘विजेते’ म्हणून तुला चिडवतात, त्यातल्या निम्म्या वेळा ते तुला ‘हळू हो’ असं सांगत असतात.

काही शर्यती तर खिल्लीतूनच जन्माला आल्या आहेत. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खुनी जेम्स अर्ल रे १९७७ साली अमेरिकेत टेनेसीतल्या डोंगरी तुरुंगातून पळाला. दोन दिवसांहून जास्त काळ रानात भटकल्यावर सापडला, तेव्हा तो तुरुंगापासून जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर होता. गॅरी कँट्रेल नावाच्या धावपटूनं ते ऐकून म्हटलं, एवढ्या वेळात मी शंभर मैल गेलो असतो! त्या बढाईतून १९८६ साली बार्कली मॅरेथॉन्स ही त्याच डोंगरातली शर्यत सुरू झाली. आज तिच्यात ६० तासांत पाच फेऱ्या मारायच्या असतात आणि कित्येक वर्षं अशी गेली की एकालाही ती पूर्ण करता आली नाही. २०२४ साली जास्मिन पॅरिस ती पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली, मुदत संपायला ९९ सेकंद उरले असताना. ‘मी असतो तर’ म्हणणाऱ्यांसाठी एवढी चांगली सोय दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल.

पण मला तुला याच कँट्रेलची दुसरी शर्यत दाखवायची आहे, बॅकयार्ड अल्ट्रा. दर तासाला ६.७०६ किलोमीटरची एक फेरी. चाळीस मिनिटांत संपवलीस तर उरलेली वीस मिनिटं तुझी. खा, झोप, बूट बदल. तास भरला की पुन्हा रेषेवर उभं राहायचं. उशीर झाला की बाद. चोवीस तासांत बरोबर शंभर मैल होतात, म्हणून तो विचित्र आकडा. अंतर ठरलेलं नाही, वेळ ठरलेली नाही, एकच माणूस उरेपर्यंत चालू. गंमत पुढच्या नियमात आहे. शेवटच्या दोघांपैकी एक थांबला की उरलेल्याला एकच फेरी जास्त मारता येते, आणि ती पूर्ण झाली की खेळ खलास. अंगात आणखी वीस तासांची ताकद असली तरी वापरायला परवानगी नाही. बाकी सगळ्यांच्या नावापुढे डीएनएफ, म्हणजे ‘शर्यत पूर्ण केली नाही’.

२०२३ साली हार्वी लुईस या शाळेत शिकवणाऱ्या अमेरिकन धावपटूनं टेनेसीतल्या या शर्यतीत १०८ फेऱ्या मारल्या. साडेचार दिवस, सातशे वीसहून जास्त किलोमीटर, तेव्हाचा जागतिक विक्रम. तो १०८ वर पोचला, कारण त्याचा प्रतिस्पर्धी इहोर व्हेरिस १०७ पर्यंत थांबला नाही. व्हेरिस पंचाण्णवला थांबला असता तर लुईसचा आकडा शहाण्णव. दुसऱ्या क्रमांकाच्या त्या कामगिरीला तिथे ‘असिस्ट’ म्हणतात आणि ती मानानं नोंदवली जाते. आपल्या साध्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नियम असा उघड लिहिलेला नसतो, पण घडतं बरंचसं तेच. तुझी गेल्या वर्षभरात सुधारलेली वेळ बघ आणि हिशेबनिसाची बघ. तो तुझ्यापुढे तीस सेकंद होता, तू दहावर आणलंस, त्यानं पुन्हा वीस केले. तुला चिडवायला त्याला तुझ्या पुढे राहावं लागतं आणि पुढे राहायला पहाटे उठावं लागतं. तू ग्रुप सोडलास तर त्याचं नुकसान तुझ्याएवढंच होईल. हे तो मेला तरी म्हणणार नाही.

आता, सगळीच चेष्टा मी पोटात घालते असं समजू नकोस. ‘ताईंनी मागे टाकलं रे तुला!’ हे तू ऐकलंयस, हसलाही आहेस. वरवर ती तुझी चेष्टा. पण महिनोन्महिने घाम गाळून मिळवलेली माझी वेळ तिथे फक्त तुझी लाज मोजायला वापरली जाते. एकदा मी थांबून विचारलं, ‘मी मागे टाकलं यात हसण्यासारखं नेमकं काय आहे?’ उत्तर कुणाकडेच नव्हतं, आणि त्यानंतर ते वाक्य निदान माझ्यासमोर तरी कमी झालं. तुझ्या वयाच्या मुलींना मात्र ते रोज ऐकावं लागतं. पुढच्या वेळी तो प्रश्न तू विचार.

कुणाच्या वजनावर, दुखापतीतून परतलेल्याच्या वेगावर, शेवटून येणाऱ्यावर तर बोलूच नये. माणसानं स्वतःहून मारलेल्या बढाया, घेतलेले महागडे बूट, दिलेली कारणं यांवर हवं तेवढं बोल. तेवढा साठा जन्मभर पुरेल.

आणखी एक प्रकार आहे, पकडलं गेल्यावरच चेष्टा ठरणारा. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये फ्रेड लॉर्झ मॅरेथॉनच्या मध्येच दमून मोटारीत बसला, बऱ्याच अंतरानं उतरला आणि सगळ्यांच्या आधी धावत स्टेडियममध्ये शिरला. त्याचा जयजयकारही सुरू झाला. बिंग फुटल्यावर म्हणाला, मी तर गंमत केली! त्याच्यावर बंदी आली, ती पुढे उठली, आणि १९०५ साली त्यानं बॉस्टन मॅरेथॉन खरोखर पायांनी जिंकली. तरी आज नाव निघतं ते मोटारीमुळेच. तुझ्याकडे लवकरच कुणीतरी ‘माझं बिब (छातीवरचा क्रमांक) घालून धाव ना, गंमत’ म्हणून येईल. घेऊ नकोस आणि आपलं देऊही नकोस. पन्नाशीच्या गटातल्या बिबवर तू धावलास तर कुणा काकांचं पोडियम जातं. आणि तू वाटेत कोसळलास तर आयोजकांच्या नोंदीत भलत्याच माणसाचं नाव, वय, रक्तगट आणि घरचा फोन असतो.

आता तुझं ते ‘पहिला येऊन दाखवतो’. ते मागे घेऊ नकोस. फक्त त्याची पूर्वतयारी ग्रुपवर लिहिण्याऐवजी कागदावर कर. आधी शर्यत निवड. तिचे गेल्या दोन-तीन वर्षांचे निकाल काढ आणि तुझ्या वयोगटातल्या पहिल्या तिघांच्या वेळा लिहून घे. वयोगट शर्यतीच्या दिवशीच्या वयावर धरतात की वर्षाच्या अखेरीच्या, ते पाहा. एका वाढदिवसानं चित्र पालटतं. बक्षीस गन टाइमवर, म्हणजे बंदुकीच्या आवाजापासूनच्या वेळेवर आहे, की नेट टाइमवर, म्हणजे सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून चिपनं मोजलेल्या वेळेवर, हेही वाच. अधिकृत क्रम बंदुकीच्या आवाजापासून आणि रेषा ओलांडण्याच्या क्रमानं लागतो, पण हौशी वयोगटांसाठी बरेच आयोजक चिपची वेळ धरतात. गन टाइम असेल तर मागे गप्पा मारत उभं राहायचं नाही, नाहीतर सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचायलाच अर्धं मिनिट जाईल आणि मग वर्षभर ‘नेट टाइमनं मीच पहिला होतो’ सांगत फिरशील. असे नेट टाइमचे विजेते आपल्याकडे आधीच पुरेसे आहेत.

४४ मिनिटं म्हणजे किलोमीटरला ४:२४. पहिले दोन किलोमीटर ४:१० नं गेलास तर २८ सेकंद कमावल्यासारखं वाटेल आणि सातव्यापासून ते व्याजासकट परत जातील. पहिला किलोमीटर ४:२८ गेला तरी हरकत नाही. त्या वेळी ओळखीची माणसं बाजूनं जातील आणि बोलतीलच. उत्तर देऊ नकोस, शर्यतीत तो श्वास तुझा आहे. सहा ते आठ हा पट्टा अवघड. उत्साह ओसरलेला असतो आणि शेवट दिसत नसतो. खरी कुस्ती तिथे होते. वळणं आतून घे. मार्ग मोजतात तो शक्य तितक्या लहान रेषेवरून, कडेपासून ३० सेंटिमीटरवर. बाहेरून धावलास तर तुझ्या घड्याळात १०.१५ किलोमीटर होतील आणि तू सगळ्यांना सांगशील की ‘माझे दहा तर ४३:२० लाच झाले होते’. सांग जरूर, पण निकालात ते येत नाही. पुढच्याला गाठलंस की त्याच्या शेजारी रेंगाळू नकोस. दोन श्वास मागे राहा आणि मग एकदमच निघ, म्हणजे चिकटून यावं असं त्याला वाटणारच नाही.

आणि समजा जिंकलास, आणि पुन्हा ‘गटात होते किती?’ आलं, तर २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन सांग. गोठवणारा पाऊस, समोरून वारा. कित्येक नामवंत धावपटूंनी अर्ध्यातून माघार घेतली. पुरुषांत पहिला आला जपानचा युकी कावाउची, सरकारी नोकरी सांभाळून धावणारा. स्त्रियांत दुसरी आली सारा सेलर्स, रुग्णालयात भूल देणारी परिचारिका, पूर्ण वेळ नोकरीत. आपण दुसऱ्या आलो हे तिला शर्यत संपेपर्यंत माहीतही नव्हतं. आणि जिंकली अमेरिकेची देझिरे लिंडन. तिला सुरुवातीलाच वाटलं होतं की आज आपण शर्यत सोडणार. म्हणून तिनं शॅलेन फ्लॅनगन या दुसऱ्या अमेरिकन धावपटूला सांगून ठेवलं, मदत लागली तर सांग. फ्लॅनगन स्वच्छतागृहात गेली तेव्हा लिंडन तिच्यासाठी खरंच मागे रेंगाळली आणि तिला पुन्हा घोळक्यात आणून सोडलं. त्यानंतर तिच्या लक्षात आलं की आपणच पुढच्यांमध्ये आहोत. सेलर्सच्या आधी ती चार मिनिटांहून जास्त फरकानं पोचली. जे थांबले, जे आलेच नाहीत, त्यांना कुणी निकालात मोजत नाही. तुझ्या गटात चौदाच होते, कारण बाकीचे पहाटे उठले नाहीत.

राहता राहिला रविवार. मला ग्रुपमध्ये एक हँडिकॅप शर्यत घ्यायची आहे आणि ती तू सुचवावीस असं वाटतं. पद्धत सोपी. प्रत्येकाची दहा किलोमीटरची अलीकडची वेळ घ्यायची. समज ५८, ५१, ४६ आणि ४२ मिनिटं. ५८ वाला आधी सुटेल, ५१ वाला त्याच्यामागून सात मिनिटांनी, ४६ वाला बारा मिनिटांनी आणि ४२ वाला सोळा मिनिटांनी. सगळे आपापल्या वेळेत धावले तर एकाच क्षणी रेषेवर येतील, म्हणजे जो स्वतःच्या वेळेपेक्षा चांगला धावेल तो जिंकेल. यात कायम शेवटून येणारा माणूसही पहिला येऊ शकतो आणि शेवटच्या वळणावर वीस जणांचा घोळका एकमेकांना शिव्या घालत येतो. ‘आरामात’वाले आपली वेळ वाढवून सांगतील, त्याला इलाज नाही, एकदा जिंकतील आणि पुढच्या वेळी नव्या वेळेवर सुटतील.

सुटण्याच्या वेळा काढायचं काम हिशेबनिसाला दे. त्याला ते मनापासून आवडेल आणि त्याच्या आकड्यांवर कुणी हरकत घेणार नाही. शेवटून पहिल्या आलेल्यानं पुढच्या मोठ्या शर्यतीआधी एक्स्पोत, म्हणजे बिब वाटतात तिथे, रांग लावून सगळ्यांची बिब आणायची, अशी पैज ठेवू. तुझी गेल्या शर्यतीची वेळ शुक्रवारपर्यंत त्याला पाठव. निकालात आहे तीच पाठव, घड्याळातली नको.

तुझी,
ताई